मारणं, पाहणं आणि अनुमोदना



एरवी इथे आपण पर्वातला स्वयंपाक, चातुर्मासातल्या भाज्या, मुलांची पाठशाळा असं काहीबाही बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे. टीव्हीवरचं बॉक्सिंग. वर्तमानपत्रं त्याला मुष्टियुद्ध म्हणतात, आमच्या घरात ते पहिल्यापासून बॉक्सिंगच.

आपण पाणी गाळून पितो. ओट्यावर मुंग्या आल्या तर फडकं न फिरवता आधी फुंकर घालतो. आलू-कांदा घरात आणत नाही. आणि त्याच घरातल्या बैठकीत आपण सगळे सतरंजीवर बसून, दोन माणसं एकमेकांच्या तोंडावर ठोसे मारताना पाहतो. हे कसं जमतं? या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मला माझ्या माहेरचा, टीव्हीचा आणि या खेळाचा बराच इतिहास आठवावा आणि वाचावा लागला. तोच आज सांगते.

माझं माहेर हिंगणीचं. वर्ध्याहून सेलूमार्गे बोर धरणाकडे जाताना लागतं ते गाव. घरी धान्याचं दुकान, थोडी शेती, कापूस आणि तूर. देशात रंगीत टीव्ही १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाडच्या निमित्तानं आला, पण आमच्या घरी मोठेबाबांनी टीव्ही आणला तो १९८५ मध्ये, आणि तोही ब्लॅक अँड व्हाइट. गच्चीवर उंच बांबूला अँटेना बांधला होता. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या, मग काका वर जाऊन अँटेना फिरवायचे आणि आम्ही खालून ओरडायचो, ‘आलं, आलं, गेलं!’

आमच्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवणं व्हायची. त्यामुळे शेजारपाजारच्या घरांत चुली पेटत तेव्हा आमच्या घरातल्या बायकांची भांडीसुद्धा आवरलेली असत. संध्याकाळ मोकळी. टीव्ही पाहायला शेजारच्या बायका आमच्याकडे यायच्या त्या आपली कामं टाकून. आई आणि मोठीआई मात्र निवांत. तरी बॉक्सिंग लागलं की त्या बैठकीत येत नसत. दिवाणावर मोठेबाबा, काका आणि दुकानातले दोघं-तिघं, खाली सतरंजीवर आम्ही मुलं, आणि बायका स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी. आजी तर टीव्हीकडे पाठ करून जपमाळ घेऊन बसायची. पण कान इकडेच.

एकदा तिनं माळ थांबवून विचारलं, “काहून मारून राह्यले रे हे एकमेकाले? भांडन कायचं आहे?”

मोठेबाबा म्हणाले, “भांडण नाही गं आई, खेळ आहे.”

“भांडन नाही अन् तरी मारते? मंग तर जास्तच वाईट.”

सगळे हसले. मी नऊ-दहा वर्षांची होते, मीही हसले. पुढे पाठशाळेत हिंसेचे चार प्रकार शिकले तेव्हा आजीचं बोलणं कळलं. आरंभी हिंसा घरकामात होते, उद्योगी पोटापाण्याच्या कामात, विरोधी स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या रक्षणात. श्रावकाला या तिन्ही पूर्ण टाळता येत नाहीत. पण मारायचं म्हणून मारणं ही संकल्पी हिंसा, आणि ती श्रावकानं सोडायचीच असते. आजीला हे शब्द येत नसतील, पण भांडण असेल तर मारण्याला निदान कारण आहे, आणि कारण नसताना मारणं जास्त वाईट, हा तिचा हिशेब पक्का होता.

मोठेबाबांकडे त्यावर उत्तर होतं. ते म्हणायचे, कुस्ती चालते ना तुम्हाला? आमच्या भागात नागपंचमीची दंगल, गावोगावचे आखाडे, आणि अमरावतीला १९१४ पासून चालत आलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ यांचं सगळ्यांना कौतुक. आपल्या पुराणातही भरत आणि बाहुबली लढलेच की. आदिपुराणात जिनसेनाचार्यांनी सांगितलं आहे की, दोन्ही सैन्यं मरू नयेत म्हणून मंत्र्यांनी तोड काढली. दोघा भावांनीच लढावं, आणि तेही दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध. म्हणजे नियम ठरवून दोघांनी लढणं हा हिंसा कमी करण्याचाच मार्ग आहे, असं मोठेबाबांचं म्हणणं.

यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. कुस्तीत समोरच्याची पाठ जमिनीला लागली की संपलं. त्याला इजा व्हावी असा त्या खेळाचा हेतू नाही. बॉक्सिंगमध्ये ठोसा बसणं हाच गुण. आणि व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये समोरचा बेशुद्ध पडला तर तो सर्वात मोठा विजय.

या खेळाचे आजचे नियम मुळात इंग्लंडमध्ये १८६७ मध्ये छापले गेले. क्वीन्सबेरीचे नियम म्हणतात त्यांना. तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती, पडलेल्याला उठायला दहा आकड्यांची मुदत, आणि हातात मोजे. मोज्यांमुळे खेळ सौम्य झाला असं आपल्याला वाटतं. पण मोजा जपतो तो मारणाऱ्याच्या हाताची हाडं. उघड्या मुठीनं कवटीवर मारलं तर स्वतःचाच हात मोडतो. मोजा आल्यावर डोक्यावर मारणं सोपं झालं. १९२८ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी लिहिलं की, वर्षानुवर्षं डोक्यावर मार खाल्लेले बॉक्सर दारू न पिताही झिंगल्यासारखे चालतात, अडखळत बोलतात. मेंदूच्या या दुखण्याबद्दलचं ते सुरुवातीचं वैद्यकीय लिखाण. १९८० च्या दशकात ब्रिटन आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनांनी हा खेळ बंद करा अशीच मागणी केली.

आणि टीव्ही? बॉक्सिंग आणि टीव्ही यांचं नातं फार जुनं. अमेरिकेत घरोघरी टीव्ही आले तेव्हा रात्रीच्या बॉक्सिंगचे कार्यक्रम फार लोकप्रिय होते. चौकोनी रिंग, दोनच माणसं, एका कॅमेऱ्यातही सगळं मावतं. मग २४ मार्च १९६२ चा सामना आला. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बेनी पॅरेट आणि एमिल ग्रिफिथ लढत होते आणि देशभरातली कुटुंबं घरी बसून पाहत होती. बाराव्या फेरीत पॅरेट कोपऱ्यात अडकला, दोरांना टेकून राहिला, आणि ग्रिफिथ मारत राहिला. पंच रूबी गोल्डस्टीन मध्ये पडले तोवर उशीर झाला होता. त्याच प्रक्षेपणात ते ठोसे संथ गतीनं पुन्हा दाखवले गेले. पॅरेट शुद्धीवर आलाच नाही. दहा दिवसांनी, ३ एप्रिलला गेला. नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकन टीव्हीवरचे बॉक्सिंगचे नेमाचे कार्यक्रम बंद झाले.

ग्रिफिथच्या मनातून ती रात्र कधी गेली नाही. त्याच्यावर २००५ मध्ये निघालेल्या ‘रिंग ऑफ फायर’ या माहितीपटात शेवटी पॅरेटचा मोठा झालेला मुलगा त्याला भेटतो, क्षमा करतो आणि दोघं एकमेकांना मिठी मारतात. त्रेचाळीस वर्षांनी आलेली क्षमावाणी. पण त्या रात्री घराघरांत बसून पाहणाऱ्यांचं काय? त्यांच्याकडे कोणी क्षमा मागायला गेलं नाही, आणि त्यांनीही कोणाची मागितली नाही.

असंच १९८२ मध्ये झालं. नोव्हेंबरच्या १३ तारखेला लास व्हेगासमध्ये कोरियाचा किम डुक-कू रे मॅन्सिनीशी चौदाव्या फेरीपर्यंत लढला आणि कोसळला. काही दिवसांत तो गेला. हाही सामना टीव्हीवर थेट दाखवला जात होता. त्यानंतर पंधरा फेऱ्यांच्या लढती बारावर आल्या. त्याच आठवड्यात दिल्लीत एशियाड सुरू झालं आणि तिथे आपल्या सैन्यातला कौर सिंग हेवीवेट गटात सुवर्णपदक जिंकला. हाच कौर सिंग १९८० मध्ये दिल्लीत मुहम्मद अलीबरोबर प्रदर्शनीय सामना खेळला होता. मोठेबाबांच्या तोंडी ही गोष्ट कितीदा ऐकली असेल, मोजदाद नाही. अली त्यांचं दैवत.

मग १९८८ चं सोल ऑलिम्पिक दशलक्षण पर्वातच सुरू झालं. पर्वाचे दहा दिवस आमच्याकडे टीव्हीवर कापड झाकलेलं असायचं, त्यामुळे मोठेबाबांना पहिला आठवडा वर्तमानपत्रावर काढावा लागला. अनंत चतुर्दशी झाली, क्षमावाणी झाली, आणि मग कापड निघालं. आजी म्हणाली, कालच सगळ्यांना क्षमा मागितली ना? मोठेबाबा काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी आवाज बंद ठेवून बॉक्सिंग पाहिलं. आवाज नसला की ते किती वेगळं दिसतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. टाळ्या नाहीत, आरोळ्या नाहीत, नुसतीच दोन दमलेली माणसं.

अलीचं शेवटचं मोठं दर्शन आम्हाला झालं ते जुलै १९९६ मध्ये, अटलांटा ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला. ज्योत पेटवायला तो पुढे आला तेव्हा त्याचा हात थरथरत होता. त्याला पार्किन्सन्स झाल्याचं १९८४ मध्येच जाहीर झालं होतं, पण मोठेबाबांनी ते असं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. त्याच्या आजाराला ठोसेच कारण होते की नाही यावर डॉक्टरांमध्येही वाद आहे. मोठेबाबांनी तो वाद घातला नाही. ते उठून अंगणात गेले. त्यानंतर बॉक्सिंगसाठी त्यांनी स्वतः टीव्ही लावल्याचं मला आठवत नाही. कोणी लावलं तर येऊन बसायचे, इतकंच.

आमच्या घरात बॉक्सिंग परत आणलं ते बायकांनी. २०१२ मध्ये लंडनला पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये महिलांचं बॉक्सिंग आलं. तीनच वजनगट होते. मेरी कोम तोवर पाच वेळा जगज्जेती झाली होती, पण तिचा ४८ किलोचा गटच ऑलिम्पिकमध्ये नव्हता, म्हणून ती ५१ किलोत, आपल्याहून उंच आणि धिप्पाड मुलींशी लढली. मी राखीला हिंगणीला आले होते, मुक्काम लांबला होता. ८ ऑगस्टला तिची उपांत्य फेरी होती. लंडनची दुपार म्हणजे आपली संध्याकाळ, नेमकी जेवणाची घाई. त्या दिवशी आईनं ताटं लवकर वाढली, आणि हात पुसत पुसत आई आणि मोठीआई दोघी बैठकीत येऊन चक्क दिवाणावर बसल्या. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

मोठीआईचा पहिला प्रश्न: “इला जुळी मुलं आहेत म्हणते, मंग ती कोनापाशी ठेवली?” घरी नवरा सांभाळतो म्हटल्यावर तिनं मान हलवली आणि सरसावून बसली. मेरी ब्रिटनच्या निकोला अॅडम्सकडून ६-११ अशी हरली. अॅडम्सनं पुढे सुवर्ण घेतलं, मेरीला कांस्य मिळालं. शेवटची घंटा झाली आणि दोघींनी एकमेकींना मिठी मारली. आई म्हणाली, “पाहा, मारून झालं की गळ्यात पडल्या. यांची क्षमावाणी त्याच दिवशी होते, आपली वर्षातून एकदा.”

त्यानंतर आमच्या घरात बायकांचे सामने बायकाच लावू लागल्या. २०१८ मध्ये दिल्लीत मेरीनं सहावं जगज्जेतेपद मिळवलं, टोकियोत लवलिनानं कांस्य मिळवलं, २०२२ मध्ये इस्तंबूलला निखत झरीन जगज्जेती झाली. आणि सगळ्यात जवळची गोष्ट एप्रिल २०२१ ची. करोनाची दुसरी लाट होती, नागपूर-वर्ध्यात दवाखान्यात जागा मिळत नव्हती, फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. त्या दिवसांत पोलंडमधल्या किल्झे इथं युवा जागतिक स्पर्धेत नागपूरची अल्फिया पठाण ८१ किलोवरच्या गटात सुवर्णपदक जिंकली. भारतीय मुलींनी त्या स्पर्धेत एकूण सात सुवर्णं आणली. त्या महिन्यात आमच्या घराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेली चांगली बातमी बहुधा ही एकच.

माझी भाची तेव्हा दहा वर्षांची होती. आता ती वर्ध्याला शिकते आणि तिला बॉक्सिंग शिकायचं आहे. माझा भाऊ सरळ म्हणाला, “आपण जैन आहोत. आपल्याला हे चालत नाही.”

ती माझ्याकडे वळली. “आत्या, खेळायला चालत नाही, तर पाहायला कसं चालतं? कृत, कारित, अनुमोदना तूच शिकवलं ना पाठशाळेत?”

बैठकीत कोणी काही बोललं नाही. कारण तिचं बरोबर होतं. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि करणाऱ्याला मनातून ‘वा’ म्हणणं, तिन्हीचा आस्रव होतो. सर्वार्थसिद्धीत पूज्यपाद आचार्यांनी अनर्थदंडाचा एक प्रकार म्हणून अपध्यान सांगितलं आहे, आणि त्यात वध-बंधनाच्या बरोबरीनं दुसऱ्यांच्या जय-पराजयाचं चिंतनही धरलं आहे. दीड हजार वर्षांपूर्वी टीव्ही नव्हता, पण प्रेक्षकाचं मन त्यांना ठाऊक होतं. रिंगमधल्या दोघांच्या मनात कदाचित द्वेष नसतोही. ‘हाण त्याला’ हे शब्द निघतात ते सतरंजीवरून.

मग काय करायचं? टीव्ही बंद करावा, हे सरळ उत्तर आहे आणि ज्यांना ते जमेल त्यांचं मला कौतुकच आहे. पण मी माझ्या भाचीचा प्रश्न तिच्या बाजूनंही पाहिला. श्रावकाला विरोधी हिंसेची मुभा आहे. बसमध्ये, रस्त्यात, कॉलेजच्या वाटेवर मुलीला स्वतःला वाचवता यावं, ही काही धर्माबाहेरची गोष्ट नाही. आमच्याच जिल्ह्यात सेवाग्राम आहे, आणि तिथं राहिलेल्या गांधीजींनीही भित्रेपणाला अहिंसा म्हणू नका असंच बजावलं होतं. ज्याला मारता येतच नाही त्याचं न मारणं आणि ज्याला येतं त्याचं न मारणं यात फरक आहे. आपल्या श्वेतांबर परंपरेत बाहुबलीची कथा थोडी वेगळी सांगतात. त्यात मुष्टियुद्धही आहे. शेवटी बाहुबली भरतावर मूठ उगारतो, ती हवेतच थांबते, आणि त्याच मुठीनं तो स्वतःचे केस उपटून दीक्षा घेतो. आदिपुराणातही तो भरताला उचलतो, पण आपटत नाही. दोन्हीकडे लक्षात राहतं ते त्याचं बळ नव्हे, त्याचं थांबणं.

तेव्हापासून मी टीव्हीवरचं बॉक्सिंग पाहते ते थांबवणाऱ्याकडे लक्ष ठेवून. पंच कधी मध्ये पडतो? कोपऱ्यातला गुरू आपल्या शिष्यासाठी टॉवेल कधी टाकतो? पॅरेटच्या वेळी तो हात काही क्षण उशिरा आला. आता हौशी सामन्यांत तीन-तीन मिनिटांच्या तीनच फेऱ्या असतात, आणि खेळाडूला मार सोसत नाहीसा दिसला की पंच लढत तिथेच थांबवतात. हे सगळं कोणाच्या तरी मरणानंतर, कोणाच्या तरी डॉक्टरांच्या भांडणानंतर आलेलं आहे. अनुमोदना द्यायचीच तर ती त्या थांबवण्याला द्यावी, असं मी मुलांना सांगते.

आमच्या घरात त्यावरून काही गोष्टी ठरल्या. कोणी पडलं तर टाळी नाही. ‘हाण’, ‘पाड’ असले शब्द नाहीत. तोच ठोसा संथ गतीनं पुन्हा दाखवू लागले की चॅनल बदलायचं. घंटेनंतर दोघं एकमेकांना भेटतात ते पाहिल्याशिवाय टीव्ही बंद करायचा नाही. आणि पैशांसाठी होणारे मोठे व्यावसायिक सामने, जिथं बेशुद्ध पाडणं हीच जाहिरात असते, ते आमच्याकडे लागत नाहीत. पर्वात कापड असतंच.

भाचीचं म्हणाल तर, भावानं बरीच कुरकुर करून तिला शिकायला परवानगी दिली आहे. पहाटे धावणं, दोरीवरच्या उड्या, पायांची चाल, टांगलेल्या बॅगवर ठोसे. समोर माणूस ठेवून डोक्यावर मारण्याचा सराव तिनं अजून सुरू केलेला नाही. स्पर्धेत उतरायचं की नाही, हे तिनं अठरा वर्षांची झाल्यावर स्वतः ठरवायचं आहे. डॉक्टर काय म्हणतात ते तिनं वाचलं आहे, मीच दिलं वाचायला. ती काय ठरवेल मला माहीत नाही. उतरली तर मी तो सामना पाहायला जाईन की नाही, हेही मी अजून ठरवलेलं नाही. आई मात्र म्हणते, ती पहिल्या रांगेत बसणार.

जय जिनेंद्र.